याकोब नावाचा अर्थ

पाळण्यापाशी मी उगाच तोंड उघडलं. चंद्रपुरात शेजारच्या ख्रिस्ती घरी बारसं होतं. आत्यानं बाळाच्या कानात वारलेल्या आजोबांचं नाव सांगितलं, याकोब, आणि मी लगेच विद्वत्ता पाजळली, "मूळ हिब्रूत याचा संबंध टाचेशी आहे. बायबलातला याकोब भावाची टाच धरून जन्मला, पुढं त्यालाच फसवलं. म्हणून ठग असाही अर्थ लावतात."

आत्या रडवेली झाली. "भाऊ, माहा बाप ठग होता काय? दुसरं नाव ठेवू मंग?"

आजी मात्र हसली. "होताच तो! सोयरिकीत दाखवलेली गाय शेजाऱ्याची निघाली. पण माणूस सोन्यासारखा. हेच नाव ठेवा."

घरी येताना बायको म्हणाली, "आजीनं वाचवलं तुमाले. पण मले पाहाले ज्या मोटारसायकलवर आलते, ती कोणाची होती?"