घटाच्या बुडाशी ठेवलेली किल्ली

सप्तशृंगनिवासिनी जगदंबेच्या चरणी मस्तक ठेवून, गतवर्षीच्या शारदीय नवरात्रातील चौथ्या माळेचा वृत्तांत निवेदन करतो. त्या वर्षी मी चिरंजिवांच्या व्यवसायाची सुरक्षा घटात पेरली, आणि ती उगवली.

आमचा केदार सातपूरच्या तीन कारखान्यांचे संगणक सांभाळतो. त्या कारखान्यांची सारी माहिती त्यांच्या आवारात नसते; ती दूर कोठेतरी ‘क्लाउड’वर असते. (आयुष्यभर विद्यार्थ्यांना मेघाची वर्णने शिकवली, पण त्यात कारखाने मावतात हे मला ठाऊक नव्हते!) त्या भांडाराचे दार नुसत्या पासवर्डने उघडत नाही, नखाएवढी एक किल्लीही संगणकाला लावावी लागते. अशा किल्ल्या दोन. एक केदारच्या बॅगेत असे. दुसरी त्याने घटस्थापनेच्या आदल्या दिवशी माझ्या हाती दिली.

“बाबा, पहिली हरवली तर हिच्यावरच सगळी मदार. ऑफिसपासून लांब, कुणाचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.”

मी विचारात पडलो. कपाट? ते सौभाग्यवती उघडते. पोथ्यांची पेटी? ती वाळवी उघडते! आणि मग बुद्धीत प्रकाश पडला. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही, हा आमच्या घराण्याचा दंडक. नऊ दिवस जेथे कोणाचा हात जात नाही, त्याहून सुरक्षित स्थान त्रिभुवनात कोणते? दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती किल्ली रेशमी वस्त्रात गुंडाळली, परडीतल्या मातीत घटाच्या बुडाशी ठेवली आणि वर सप्तधान्य पेरले. कोणास काही बोललो नाही. गुप्तता हा सुरक्षेचा प्राण!

चौथ्या दिवशी दुपारी केदार धापा टाकीत घरात शिरला. चेहरा पांढराफटक.

“बाबा, किल्ली द्या! बॅग एसटीत राहिली, एसटी सिन्नरला गेली!”

“शांत हो. बॅगेत काय होते?”

“लॅपटॉप आणि पहिली किल्ली! ज्याच्या हाती पडेल तो तिन्ही कारखान्यांत शिरेल!”

“परंतु पासवर्ड?”

“तो... लॅपटॉपला चिठ्ठी चिकटवलीय.” (वंशपरंपरा म्हणतात ती हीच!) “बाबा, दुसरी किल्ली लावून पहिली रद्द केली की संपलं. पाच मिनिटांचं काम आहे. आज माहिती चोरीला गेली तर उद्या एकही कारखाना मला दारात उभा करणार नाही. सहा जणांची घरं चालतात माझ्यावर. द्या ना!”

“किल्ली अत्यंत सुरक्षित आहे,” मी धीर देत म्हणालो. “दसऱ्यास मिळेल.”

मग सर्व सांगावेच लागले. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली.

“अहो, घटात? घटात लोखंड घातलंत?”

“लोखंड नव्हे. बहुधा प्लास्टिक असावे.”

“म्हणजे तर फारच छान!”

केदार देवघराकडे वळला, तशी ती आडवी आली. “खबरदार! बसलेला घट हलवायचा नाही!”

“आई, मी बुडेन गं!”

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. निर्णय शास्त्राने द्यायचा होता, आणि घरात शास्त्र शिकलेला मी एकटा. मी धर्मशास्त्राचे तीन जाडजूड ग्रंथ काढून आपद्धर्माचे प्रकरण शोधू लागलो. केदार सिन्नरच्या डेपोला फोन लावत होता. तो लागत नव्हता.

“बाबा, अजून किती वेळ?”

“ग्रंथ प्राचीन आहे. यास अनुक्रमणिका नाही.”

“चोराला तेवढा धीर असेल का?”

मी दुसरा ग्रंथ उघडला. त्यात घट फुटल्यास काय करावे हे होते, घटाखाली किल्ली असल्यास काय करावे हे नव्हते! मुलाचा उभा संसार माझ्या विद्वत्तेखाली दबला होता, अगदी शब्दशः.

“तुम्ही वाचत बसा,” असे म्हणून सौभाग्यवतीने हातपाय धुतले, देवीपुढे हात जोडले आणि ती म्हणाली, “आई, लेकराचं काम आहे, जरा अंग चोरून बस.” मग पूजेच्या पळीने ती अलगद माती काढू लागली. मी दचकलो, तर म्हणाली, “हलवत कुठे आहे? उकरतेय.”

तीन ग्रंथांत जे सापडले नाही ते पळीत सापडले!

किल्ली वर आली ती चिंब भिजलेली. रेशमाच्या चिंध्या झालेल्या, आणि किल्लीच्या भोकातून गव्हाचा एक कोवळा अंकुर डौलाने बाहेर आलेला.

“बाबा, रोज पाणी घातलंत?”

“दोन वेळा,” मी म्हणालो. “मंत्रासहित.”

केदारने किल्ली पुसली, फुंकली, घरच्या संगणकाला लावली. काही नाही. पुन्हा पुसली, पुन्हा लावली. काही नाही. मी स्तोत्र म्हणू लागलो.

“बाबा, नका ना पुटपुटू! माझं लक्ष उडतंय.”

मी मनात म्हणू लागलो. तिसऱ्या खेपेस किल्लीवर हिरवा दिवा लुकलुकला! केदारने बोट टेकवले, भराभर काही दाबले आणि पाठ भिंतीला लावून मटकन खाली बसला. “झाली रद्द.”

तेवढ्यात फोन वाजला. बॅगेवरचा नंबर पाहून एसटीचे कंडक्टर बोलत होते. “सायेब, तुमची बॅग घावली. उघडली बी नाय आपण. डेपोत सायबांम्होरं शिल करून कपाटात ठेवली हाय. लय जपून हाय, काळजी करू नका.”

केदारने फोन ठेवला, परडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

“आई, हे कंडक्टर माझ्याकडे नोकरीला येतील का गं?”

आता दुसरी किल्ली सौभाग्यवतीच्या ताब्यात असते. कोठे ठेवली आहे, असे मी एकदा सहज विचारले. केदारच म्हणाला, “बाबा, तुम्हाला माहीत नाही ना, म्हणून तर ती सुरक्षित आहे.”

वाचकहो, जगदंबा तुमच्या मुलाबाळांचे, धनधान्याचे आणि संगणकांचे अखंड रक्षण करो. आणि तुमच्या घरी काही जपून ठेवण्याचे काम कधीही विद्वानाकडे न येवो!