खाटेखालची बाटली

“वलांडू नका, बाप्पा. फिरून जा.”

हे ती कोणालाही म्हणायची. झाडूवाल्याला म्हणायची, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणायची, आणि एकदा तर तपासायला आलेल्या डॉक्टरसाहेबांनाही म्हणाली. साहेब हैदराबादचे, मोठे तापट. पण मुकाट्याने खाटेला वळसा घालून पलीकडे गेले. आम्ही सगळे माना खाली घालून हसलो.

दुसरी मोठी लढाई चालू होती, आमच्याकडे निजामाचं राज्य होतं आणि मी दवाखान्यात कंपौंडर होतो. ती सेनगावकडच्या एका वस्तीवरची, मेंढरं राखणारी बाई. तिचा एकुलता एक तरणाताठा मुलगा फुप्फुसाच्या तापातून उठला, पण छातीत पू साठला. साहेबांनी बरगड्यांमधून रबरी नळी आत घातली. नळीचं दुसरं टोक खाटेखाली ठेवलेल्या काचेच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं. बाटली खाली, म्हणून ओढ खाली. पू निघून येई, आणि पाण्यामुळे बाहेरची हवा छातीत शिरत नसे. त्या दिवसांत औषधं कुठली मिळायला? आमची सगळी भिस्त त्या बाटलीवर होती.

मी तिला बजावलं होतं की बाटली जागची हलवायची नाही, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. “व्हय, बराबर,” म्हणाली आणि मेंढवाडा राखावा तशी खाटेशी ठाण मांडून बसली. पण तिच्या मनातली भीती निराळीच होती. निजलेल्या माणसाला ओलांडू नये, हे तुम्हीही लहानपणी ऐकलं असेल. नळी तिच्या लेकाच्या छातीतून निघालेली, म्हणजे तिच्या लेखी ती त्याचंच अंग. मग ती कोणी ओलांडून कशी चालेल?

मी वैतागायचो. हातात औषधांचा ट्रे आणि या बाईपायी प्रत्येक वेळी खाटेला प्रदक्षिणा. “काहून चिडता, दादा? चार पावलं तर हायती,” ती म्हणायची. मी फारच कुरकुर केली की आपल्या फडक्यातली अर्धी भाकर आणून माझ्या टेबलावर ठेवायची. भाकरीपुढे माणूस काय बोलणार?

पोराचा ताप उतरू लागला. तो खोकला की बाटलीत बुडबुडे यायचे. ती वाकून ते बघायची आणि सगळ्या वॉर्डाला सांगायची, “श्वास घेऊन राहिलं पोरगं.” साहेबही म्हणाले, हा वाचेल. ते असं सहसा बोलत नसत.

मग बाजाराचा दिवस आला. बाजाराला आलेली वस्ती सरळ दवाखान्यात लोटली. सूनही आली, कडेवर लहानगी मुलगी. साहेब बाहेरचे रोगी तपासत होते, मी औषधाच्या खिडकीशी अडकलेलो. खाटेभोवती ही गर्दी. पोराच्या आईने सगळ्यांना विनवलं, पण इतक्या पायांना ती एकटी कशी आवरणार? शेवटी तिने ती बाटली उचलली आणि खाटेच्या वरच्या खिडकीत नेऊन ठेवली. तिथे कोणाचा पाय पोचणार नव्हता. जिवापाड जपायची वस्तू आपण जमिनीवरून उचलून वरच ठेवतो. तिनेही तेच केलं.

ओढ उलटी झाली. बाटलीतलं घाण पाणी नळीवाटे छातीत उतरलं. ओरडा ऐकून मी धावलो तेव्हा बाटली जवळजवळ रिकामी होती आणि पोरगं त्या पाण्याने गुदमरत होतं. मी बाटली खाली घेतली. साहेब धावत आले, त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

म्हातारी रडली नाही. प्रेत बैलगाडीत ठेवलं, ती शेजारी बसली आणि सून गाडीत चढू लागली तशी म्हणाली, “तू वलांडली नळी. माझं ध्यान नव्हतं तवा वलांडली. माझ्या घरी येऊ नको.”

सून तशीच थांबली. आपण खरंच ओलांडली की काय, हे त्या बिचारीला स्वतःलाच सांगता येईना. तिला माहेरी कोणी उरलं नव्हतं. साहेबांनी मला आधीच बजावलं होतं की म्हातारीला काही बोलू नका, ती जगायची नाही. पण त्या पोरीचं तोंड मला बघवेना.

“बाई, हिनं काही केलं नाही,” मी म्हणालो. “बाटली वर गेली, म्हणून पाणी आत शिरलं.”

तिने वळून दवाखान्याच्या खिडकीकडे पाहिलं.

“वर तर म्या ठेवली.”

“हो.”

ती गाडीत थोडी सरकली आणि सुनेला बसायला जागा करून दिली. गाडी निघून गेली.

सांगितल्याचा मला पस्तावा नाही. पण त्या दिवसापासून जिवाला जे लागून राहिलं आहे, ते आजही गेलेलं नाही.

पुढच्या वर्षी देवी टोचायला मी त्यांच्या वस्तीवर गेलो. ती दाराशी बसलेली होती, निम्मी झालेली. नातीला धरा, असं मी तिलाच म्हणालो. “म्या न्हाई धरत, दादा,” ती म्हणाली. मग सुनेने धरलं. धरता धरता हळूच मला सांगितलं, “माझ्यासंगं गोड बोलत्यात. पन कायबी उचलत न्हाईत. घागर न्हाई, कोकरू न्हाई, हे लेकरू बी न्हाई. म्या उचललं की मरतं, म्हनत्यात.”

मी टोचलं. पोर किंचाळली, आईच्या हातून सुटली आणि धावत आजीपुढे जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिली. म्हातारीने आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. पोर रडत होती. हात काही खाली घेत नव्हती.