सलूनमधले अध्यक्ष

अध्यक्षांना अध्यक्ष कोणी केलं, याचा शोध अजून लागलेला नाही. निवडणूक झाली नव्हती, ठराव झाला नव्हता, फार काय, समितीची पहिली बैठक भरायच्या आधीच ते अध्यक्ष झालेले होते. नाल्यापलीकडच्या सात गल्ल्यांच्या तोंडाशी त्यांचं दोन खुर्च्यांचं सलून. त्यातल्या एका खुर्चीचा पंप बिघडलेला, त्यामुळे तीत बसलेला माणूस दाढी होईपर्यंत हळूहळू खाली जायचा. एकदा असंच खाली जाता जाता एक गिऱ्हाईक चेष्टेनं म्हणालं, "काय अध्यक्ष, आज कशावर भाषण?" ती चेष्टा होती हे ध्यानात यायला अध्यक्षांना अकरा वर्षं लागली. हा हिशेब दुसऱ्या कुणाचा नाही, त्यांचाच आहे.

भाषणाचा विषय मात्र खरा होता. प्रभागाच्या नकाशात या सात गल्ल्या बाजारपेठेला शेपटासारख्या जोडलेल्या. नगरसेवक कायम बाजारातलाच निवडून यायचा. तो पाच वर्षांतून एकदा हात जोडून नाल्यावरचा पूल ओलांडायचा आणि मग पुढची पाच वर्षं त्याला पूल दिसायचाच नाही. कचऱ्याची गाडीसुद्धा पुलापर्यंत येऊन वळायची. तेव्हा गल्ल्यांना स्वतःचा प्रभाग हवा, सभागृहात आपला माणूस हवा, ही समितीची मागणी होती. समितीत सहा जण होते आणि सहाही जण सलूनचे गिऱ्हाईक होते.

आता हा आपला माणूस कोण, हे अध्यक्ष कधी बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. "आपला माणूस" हे शब्द उच्चारताना ते नेमके समोरच्या आरशात बघायचे. आपण निवडणुकीला उभं राहायचं, ही एकच इच्छा त्यांनी अकरा वर्षं जपली होती. पहिलं भाषण त्यांना पाठ होतं. कोणत्या वाक्यावर पाणी प्यायचं हेही ठरलेलं होतं.

त्या वर्षी प्रभागांच्या सीमा नव्यानं आखायचं ठरलं आणि लोकांकडून हरकती मागवल्या गेल्या. अध्यक्ष कामाला लागले. चौदा मागण्यांचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला आणि एक जाड वही सलूनच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी ठेवली. आलेल्या प्रत्येकाला ते अर्ज समजावून सांगायचे, शेवटी "पटतंय ना?" असं विचारायचे आणि सही घ्यायचे. दोन महिन्यांत सहाशे चाळीस सह्या झाल्या. एकानंही नाही म्हटलं नाही. एवढं एकमत बघून अध्यक्षांना स्वतःचंच कौतुक वाटलं. खोटं कशाला बोला, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

सुनावणीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, वही छातीशी धरून गेले. टेबलामागे एक चष्मेवाल्या अधिकारी बाई होत्या. त्यांनी वही चाळली, काही पानं मागे उलटली, पुन्हा पुढे आल्या. अध्यक्षांना वाटलं, बाई भारावल्या. त्यांनी भाषणासाठी घसा साफ केला.

"तुमच्या गल्ल्यांमध्ये बायका राहत नाहीत का?" बाईंनी विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, राहतात की. मग बाईंनी वही त्यांच्याकडे वळवली आणि त्यातली एका तरी बाईची सही दाखवायला सांगितली. अध्यक्षांनी पहिलं पान बघितलं, मधलं बघितलं, शेवटचं बघितलं. पुरुषांच्या सलूनमध्ये ठेवलेल्या वहीत बायका येणार कुठून, हा साधा विचार त्यांच्या डोक्यात दोन महिन्यांत एकदाही आला नव्हता. पाठ केलेल्या भाषणात यावर एकही वाक्य नव्हतं. बाई तशा भल्या होत्या. अर्ज फेटाळत नाही, म्हणाल्या, पण निम्मी वस्ती गायब असलेला अर्ज पुढे पाठवणार नाही. पंधरा दिवसांत पुन्हा या.

घरी येऊन त्यांनी वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकली आणि बायकोसमोर सरकारच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली. बायको सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर कामाला. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत रांगेतल्या प्रत्येकाला नाव, वय आणि "काय होतंय?" एवढं विचारायचं आणि तो सांगेल ते लिहायचं, हे तिचं काम. तिनं हात पुसले, वही ओढली आणि सावकाश सगळी पानं बघितली.

"टकल्यांच्याही नाहीत," ती म्हणाली.

ते खरं होतं. कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर बारा वर्षांत सलूनची पायरी चढले नव्हते, कारण कापायला काही उरलंच नव्हतं. मग ती मागण्यांच्या कागदाकडे वळली. पहिली मागणी, चौकात बसायला बाक. तिनं विचारलं, त्यावर कोण बसणार? अध्यक्ष म्हणाले, लोक. कुठले लोक, तिनं विचारलं. बाकाची जागा अध्यक्षांनी सलूनच्या दाराला लागून दाखवली होती आणि त्यावर कोण बसणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

"ही वही दोन महिने रोज रात्री या टेबलावर येत होती," बायको म्हणाली. "माझी सही कुठंय?"

ती चिडून बोलली नाही. चिडली असती तर अध्यक्षांना बरं झालं असतं, भांडायला तरी जागा मिळाली असती. सगळ्या वस्तीला विचारून झालं अशी छाती फुगवून सांगणाऱ्या माणसानं घरातल्या एका माणसाला विचारलं नव्हतं. अध्यक्षांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोननंतर बायको वही घेऊन निघाली. अध्यक्ष सलून बंद करून मागोमाग, हातात अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणि पाण्याची बाटली. पहिल्या दोन दारांत त्यांनी आपलं भाषण सुरू केलं. तिसऱ्या दाराआधी बायकोनं त्यांना फाटकाबाहेर उभं राहायला सांगितलं आणि ते राहिले. आत ती खिडकीवरचाच प्रश्न विचारत होती, काय होतंय? आणि मग चक्क गप्प बसत होती. एवढा वेळ माणूस गप्प कसा बसू शकतो, हे अध्यक्षांना कळेना. त्यांचीच जीभ फाटकाबाहेर वळवळत होती.

चौथ्या गल्लीतली एक बाई बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, नळाला पाणी सकाळी साडेअकराला येतं. त्या पाण्यासाठी घरी थांबावं लागतं म्हणून तिची दोन कामं गेली. अध्यक्ष त्याच गल्ल्यांत जन्मले होते, पण त्यांच्या चौदा मागण्यांत पाण्याची वेळ नव्हती. त्यांच्या घरी पाणी भरलेलंच असायचं. ते कोण भरतं आणि त्यासाठी दवाखान्यातून कोण धावत येऊन जातं, हे त्यांनी त्या दिवशी फाटकाला टेकून पहिल्यांदा मनात आणलं.

अर्ज पुन्हा लिहिला गेला. पाण्याची वेळ पहिल्या जागी आली, तिसऱ्या गल्लीतला अंधार दुसऱ्या. बाक गेला. तो अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं खोडला. पंधरा दिवसांत आणखी सातशे सह्या झाल्या. मास्तरांनी तर दोनदा केली, एक खोडावी लागली.

चार महिन्यांनी पत्र आलं. सात गल्ल्यांचा स्वतंत्र प्रभाग मंजूर. गल्ल्यांत आनंदीआनंद झाला आणि अध्यक्षांनी नवा शर्ट शिवायला टाकला. समितीनं आपला उमेदवार ठरवायला शाळेच्या सभागृहात बैठक बोलावली. आदल्या संध्याकाळी बायकोनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "उद्या माझंही नाव पुढे येणार आहे. तुम्हाला नको असेल तर आत्ता सांगा, मी थांबवते."

अध्यक्ष दिलदारपणे हसले. चालेल की, म्हणाले. हसण्यामागे दिलदारी किती आणि खात्री किती, हे विचारू नका. मनातल्या मनात त्यांनी तिला हरल्यावर समजूत घालायचे शब्दही जुळवून ठेवले.

सभागृहात दीडएकशे माणसं होती. मास्तरांनी आधी अध्यक्षांचं नाव घेतलं आणि हात वर करायला सांगितलं. अध्यक्षांनी नम्रपणे मान खाली घातली होती. वर केली तेव्हा एकोणीस हात होते. त्यांत एक बायकोचा होता. मग तिचं नाव घेतलं आणि सभागृह हातांनी भरून गेलं. पहिल्या रांगेत पेपरवाल्याचा हात होता. पेपरवाला म्हणजे त्यांचा सगळ्यात जुना मित्र, एक दिवसाआड दाढीला येणारा, समितीचा पहिला सभासद. अध्यक्षांनीही हात वर केला, पण तो इतका जड झाला होता की खांद्याच्या वर जाईना. टाळ्या त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. घरी बायकोचं मनापासून अभिनंदन केलं आणि मग बराच वेळ मोरीत तोंड धूत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाला नेहमीसारखा येऊन खुर्चीत बसला. अध्यक्षांनी फेस लावला, एक गाल केला, हनुवटीखाली आले आणि त्यांच्याच्यानं राहवेना. त्यांनी विचारलं, अकरा वर्षं मी एकेक गोष्ट तुला विचारून केली, तू प्रत्येक वेळी हो म्हणालास, मग काल काय झालं? पेपरवाल्यानं डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. पेपरवाल्यानं दोन बोटांनी त्यांचं मनगट धरून हळूच बाजूला केलं.

"अध्यक्ष, तुम्ही दर वेळी वस्तरा गळ्याला लावून विचारता, पटतंय ना?" तो म्हणाला. "कोण नाही म्हणेल?"

अध्यक्षांनी हातातल्या वस्तऱ्याकडे बघितलं. सहाशे चाळीस माणसं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, सगळी फेसात, सगळ्यांच्या माना मागे टाकलेल्या. त्यांना हसू आलं. नंतर फार वाईट वाटलं, आणि मग पुन्हा हसू आलं. त्यांनी वस्तरा मिटून फळीवर ठेवला, शेजारच्या बिघडलेल्या खुर्चीत जाऊन बसले आणि पेपरवाल्याला म्हणाले, "बोल."

पेपरवाला आधी खाकरला, मग त्यानं दाराकडे बघितलं, आणि एकदा सुरू झाला तो थांबेचना. अध्यक्ष मध्ये एक शब्द बोलले नाहीत. बाहेर थांबलेली दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली आणि पेपरवाल्याच्या दुसऱ्या गालावरचा फेस वाळून पांढरा पडला. त्यानं एकंदर नऊ तक्रारी सांगितल्या. त्यातल्या पाच सलूनबद्दल होत्या.