डोक्यावरची रेघ आधी आली तेव्हा

परवा मंगळवारी सकाळी बाबा माझ्यावर चिडले. लकवा झाल्यापासून पहिल्यांदाच असे मनापासून चिडले... आणि बेसा भागातल्या आमच्या घराच्या हॉलमध्ये उभी राहून मी आधी हसले, मग थोडी रडलेसुद्धा. नीट सांगते.

बाबा बँकेत क्लार्क होते, बरीच वर्षं भिवापूरला. अक्षर असं, की गावातल्या लग्नपत्रिकांची पाकिटं त्यांच्याकडे लिहायला यायची. गेल्या उन्हाळ्यात लकवा झाला. चालणं-बोलणं हळूहळू परत आलं, पण लिहिणं गेलं... वाचता येई, पेन धरता येई, फक्त अक्षर कुठून सुरू करायचं तेच आठवेना.

थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, अक्षर लिहिलं जाताना त्यांना दाखवा, अगदी सावकाश, आणि त्यावरून बोट फिरवू द्या. लहान मुलांचे तयार व्हिडिओ लावून पाहिले. दुसऱ्याच अक्षराला बाबांनी मोबाईल पालथा घातला. "मी काय बालवाडीत हाओ का?"

मी अ‍ॅनिमेशनची कामं करते, घरूनच. म्हटलं, आपणच बनवू. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी बनवलेला एक मॉडिफायर होता, म्हणजे चित्रावर चढवायचं एक छोटं टूल. आपण काढलेल्या रेघा तो एकामागून एक उमटवायचा, जणू कोणी आत्ता समोर बसून लिहितंय.

जुन्या पाकिटांवरचं बाबांचंच वळण मी गिरवून घेतलं. रोज सकाळी ते एक शब्द मागायचे, मी तो बनवायचे आणि ते टॅबवर बोट फिरवायचे. बरं चाललं होतं...

मग माझा जुना लॅपटॉप गेला. नव्यावर जुनं सॉफ्टवेअर चालेना आणि नव्या व्हर्जनमध्ये मॉडिफायर चालेना. नुसता लाल अक्षरांत एरर. बनवणाऱ्याने लिहून ठेवलं होतं, आता मला वेळ नाही, कोड मोकळा आहे, ज्याला हवं त्याने पुढे न्यावं.

हवं तर मला होतं... पण माझं कोडिंग म्हणजे दुसऱ्याचं वाचून अंदाज बांधण्याइतकंच. सकाळी बाबा टॅब घेऊन बसायचे. "काहून वं, आज शब्द नाही का?" पुढे पुढे विचारणंही बंद झालं. टॅब दिवसभर चार्जरलाच लटकून राहू लागला. ते मला बघवेना.

शेवटी बसलेच. नव्या व्हर्जनमध्ये रेघा साठवायची पद्धतच बदलली होती. आधी प्रत्येक रेघ आपापल्या पिशवीत वेगळी असायची. आता सगळ्या रेघांचे ठिपके एकाच लांब माळेत, आणि कुठली रेघ कुठून सुरू होते ते बाजूला लिहिलेलं. जुना मॉडिफायर बिचारा पिशव्या शोधत होता, आणि पिशव्याच नव्हत्या!

हे मला फोरमवर एका अनोळखी माणसाने समजावलं. इतक्या साध्या शब्दांत, की एवढं साधं विचारल्याची लाजही वाटली नाही.

सोमवारी संध्याकाळी एरर गेला. स्क्रीनवर एक रेघ हळूच उमटली... मी ओरडलेच. आई भाजी चिरता चिरता धावत आली, "काय झालं वं?"

बाबांना विचारलं, उद्या कोणता शब्द? बऱ्याच दिवसांनी हसले. "मिरची." भिवापूरची मिरची प्रसिद्ध, तिथला माणूस दुसरं काय मागणार!

सकाळी घाईघाईत बनवून, स्वतः एकदाही न बघता टॅब त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोट पुढे केलं... आणि थांबले. कपाळावर आठ्या.

"अवं, हे उलटं काहून लिहून राहिलं?"

मी वाकून बघितलं. आधी डोक्यावरची रेघ, मग 'ची'ची वेलांटी, मग च, मग र... माझ्या हातून रेघांचा क्रमच उलटा झाला होता. सॉरी म्हणून टॅब घ्यायला गेले, तर त्यांनी सोडला नाही.

"डोक्यावरची रेघ आधी देते का कोणी? ते शेवटी असते. आधी म. आण इकडं पेन!"

आईने पेन दिला. समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी म काढला. मागे येऊन त्याची वेलांटी. मग र. 'च'पाशी पेन हवेत थांबला, ओठ नुसतेच हलत होते... मी मदतीला हात नेला, तर डाव्या हाताने मला अडवलं. च आला. दुसरी वेलांटी आली. आणि सगळ्यात शेवटी वरची रेघ, वाकडी, कागदाबाहेर जाईल की काय अशी.

टॅबकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. माझी चूक दाखवायच्या नादात आपण लिहितोय हेच ते विसरले होते.

मॅडमना फोटो पाठवला. लगेच फोन आला. म्हणाल्या, सगळं एकदम येणार नाही, काही दिवस मागेही जातील... पण वाट सापडली आहे.

क्रमाची चूक कोडच्या एका ओळीची निघाली. दुरुस्त केलेला मॉडिफायर मीही सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय. मूळ बनवणाऱ्याला आणि फोरमवरच्या त्या माणसाला सगळं कळवलं. दोघांनाही मराठी येत नाही, बाबा कोण तेही माहीत नाही... तरी हे त्यांचंच देणं आहे. मनापासून थँक यू.

आज सकाळी मी उठायच्या आधीच बाबा लिहीत बसले होते. कागदावर एकच शब्द. कुसुम. आईचं नाव. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला 'अवं'शिवाय दुसरी हाक मारलेली मी ऐकलेली नाही.

"अजी, माह्यं नाव कायले लिहून ठेवलं?" आई म्हणाली.

"सोपं हाय म्हणून," बाबा म्हणाले.

सोपं कसलं... दोन उकार आहेत त्यात.