हात पोचेल तेवढं घर

“भाऊसाहेब, सुरू करते हो.”

सकाळी साडेनऊच्या सुमाराला समोरच्या घरातून ही हाक आली की मी पेपर खाली ठेवायचो. त्यानंतर माझं काम एकच, कान उघडे ठेवायचे. तासाभरानं दुसरी हाक यायची, “झालं हो.” ती आली नाही तर मी रस्ता ओलांडून जायचं आणि दार ढकलायचं, असं ठरलं होतं. तेवढ्या वेळापुरती सिस्टर दाराची आतली कडी काढून ठेवत. घर आवरताना म्हातारं माणूस पडतं, दार आतून बंद असतं आणि शेजारी सुतार शोधत फिरतात, हे त्यांनी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं.

त्या निवृत्त नर्स. सगळी नोकरी तिसगावकडच्या सरकारी दवाखान्यात गेली आणि नंतर नवऱ्याबरोबर त्या सावेडीच्या कडेला आमच्या कॉलनीत राहायला आल्या. नवरा जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. त्यांचं नाव पोस्टमनला ठाऊक असेल. बाकी सगळे त्यांना सिस्टर म्हणत, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले म्हातारेसुद्धा. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात फायली सांभाळल्या, म्हणून त्या मला भाऊसाहेब म्हणत. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या हातात फाईल असते तो भाऊसाहेब होतो. फाईल गेली तरी पदवी कोणी परत मागत नाही.

मागच्या दिवाळीत माळ्यावरचं मोठं पातेलं काढायला त्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढल्या आणि पातेल्याच्या आधी खाली आल्या. उजवं मनगट मोडलं. मुलगा पुण्याहून आला. चांगला मुलगा आहे, आवाज चढवत नाही. प्लॅस्टर निघेपर्यंत दर शनिवारी येत राहिला आणि शेवटच्या खेपेला एकच सांगून गेला, “आई, आता पुन्हा पडलीस तर मी काही ऐकणार नाही. पुण्याला यायचं, कायमचं.”

सिस्टरांना हे लागलं नाही. त्यांनी तो करार मानला. पडायचं नाही, म्हणजे इथं राहता येईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते स्टूल भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि तो सायकलला बांधत असताना त्याला बजावलं, “कुणाला विकू नको. मोड.”

गुढीपाडव्याची सफाई बाकीच्या घरांत दोन दिवसांत उरकतात आणि पुढचे चार दिवस कंबर शेकत बसतात. सिस्टरांनी ती माघातच काढली. एका दिवशी एकच कप्पा. कप्प्यासमोर खुर्ची ठेवायची, मांडीवर पंचा घ्यायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं. झटकणं बंद, कारण धूळ झटकली की नाकात जाते आणि पुन्हा कप्प्यावर बसते. बादली अर्धीच भरायची. फरशी ओली केली की ती वाळेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही. मोबाईल कापडी पिशवीत घालून गळ्यात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका दिवशी घरात काढायचीच नाहीत, कारण तिसगावात एका सासूनं दोन्ही एकत्र ओतून संडासात स्वतःला जवळजवळ संपवलं होतं. “सून निर्दोष होती,” सिस्टर म्हणायच्या, “पण गावानं मानलं नाही.”

“दम लागला तर?” मी एकदा विचारलं.

“थांबायचं. कप्पा कुठं पळून जातोय?”

“आणि उंचावरचं?”

“हात पोचेल तेवढं घर आपलं. वरचं कोळ्यांचं. त्यांनाही राहायला जागा लागते.”

आमच्याकडे ज्येष्ठ नागरिकांचं एक मंडळ आहे. एकमेकांना शाली घालणं हे त्याचं मुख्य कार्य. अशी मंडळं तुम्हीही पाहिली असतील. सिस्टरांच्या पद्धतीची चर्चा झाली तशी मंडळानं ‘सणाची सफाई आणि ज्येष्ठांची सुरक्षितता’ असा कार्यक्रम ठेवला. पाऊण तास अध्यक्ष बोलले. त्यात वार्धक्य दोनदा संधिप्रकाश झालं आणि एकदा दुसरं बालपण. मग प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रतिमापूजन. प्रतिमा भिंतीवर उंच टांगलेली. पाहुणे पंचाहत्तरीचे. ते हार घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढले, दोघांनी त्यांना कमरेला धरलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतून सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “साहेब, उतरताना तोंड भिंतीकडं ठेवा.”

सत्काराला त्यांचं नाव पुकारलं तर त्या मंचाजवळ जाऊन थांबल्या.

“या ना, सिस्टर, वर या.”

“पायरीला कठडा नाही. शाल खालीच द्या.”

“खाली फोटो चांगला येत नाही हो.”

“येतो. वरून पडलं की मग एक्स-रे काढावा लागतो, तो चांगला येत नाही.”

शाल खाली दिली गेली. फोटोत अध्यक्षांचं डोकं तेवढं नाही.

राहिला होता माळा. माळ्यावर सामान असेतोवर चढायची बुद्धी होणार, म्हणून तो रिकामाच करायचा असं त्यांनी ठरवलं. शेजारच्या भाभींचे मिस्टर वायरमन आहेत. ते शिडी घेऊन आले आणि दोन दिवसांत सगळं खाली उतरवून गेले. सिस्टरांनी प्रत्येक वस्तूला एकच परीक्षा लावली. मोडलेल्या हातानं उचलता आली तर घरात राहील, नाही आली तर जाईल.

ते मोठं पातेलं भाभींकडं गेलं. यंदा पाडवा आणि ईद लागून आले होते.

“सिस्टर, ह्यात सगळ्या गल्लीचा शीरखुर्मा होईल.”

“मग गल्लीचा करा.”

“आन तुमाला लागलं तर पातेलं?”

“मला वाटीभर लागतो. तो तुम्ही आणून देताच.”

गोधड्यांची पेटी न्यायला तिसगावहून एक बाई आली. तिची तिन्ही बाळंतपणं सिस्टरांनी केलेली. तिनं गोधड्या अंगणात पसरल्या, उन्हात उलट्यासुलट्या केल्या आणि म्हणाली, “लई जपल्यात वो. आमच्याकडं धुवायला पानी न्हाई, पन नेते. तुमाला थंडीचं काय?”

“एक ठेवलीय. एका माणसाला किती लागतात?”

“आन पावनं आलं म्हंजी?”

सिस्टर फडकं पिळत राहिल्या. ते मघाशीच कोरडं झालं होतं.

शेवटी हार्मोनियम उतरली. ती नवऱ्याची. ते संध्याकाळी ती वाजवत आणि गात. गळा बेताचा होता, पण कोणी अडवत नसे. सिस्टरांनी तिच्या कडीत हात घातला, एक बाजू वीतभर उचलली आणि खाली ठेवली. “जड आहे,” म्हणाल्या. मी म्हणालो, ही खालीच असू द्या, कोपऱ्यात राहील, हिला उचलायचं कशाला? “नियम म्हणजे नियम,” त्या म्हणाल्या. कोल्हारच्या एका भजनी मंडळाची माणसं येऊन ती घेऊन गेली. त्या दिवशी “झालं हो” दुपारी एकला आलं. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो होतो. खिडकीतून त्या खुर्चीवर बसलेल्या दिसत होत्या, म्हणून दार ढकललं नाही.

फाल्गुन लागला तेव्हा त्यांचं घर कॉलनीत सर्वांत स्वच्छ होतं. खांद्याच्या वर काही नाही, गुडघ्याच्या खाली काही नाही. मोऱ्या कोरड्या, पायपुसण्यांखाली रबर. बोललं की आवाज भिंतीवरून परत यायचा. लोक मुद्दाम बघायला येत आणि कौतुक करून जात. मीही त्यांतलाच.

होळीनंतरच्या रविवारी मुलगा आला. सिस्टर चहा टाकायला आत गेल्या आणि मी, कोणी न सांगता, त्याला घर दाखवायला लागलो. माळ्याकडं बोट केलं. बघ, चढायचं कारणच ठेवलेलं नाही. कपाटं उघडून दाखवली. बघ, जड भांडं एक नाही. आता इथं पडायचं म्हटलं तरी पडता येणार नाही, असं काहीसं मी बोललो. चाळीस वर्षं नोकरीत टिपणं लिहिली, पण इतकं मुद्देसूद मी कधी मांडलं नव्हतं.

त्यानं सगळं नीट पाहिलं. मग तो खुर्चीवर बसला. “काका, तुमचं सगळं बरोबर आहे,” तो म्हणाला. “मला वाटलं होतं आईला आवरायलाच सहा महिने लागतील. बाबांची बाजाची पेटी आहे, भांडी आहेत, एवढा संसार सोडून ती कशी येईल म्हणून मी विषयच काढत नव्हतो. पण आता इथं राहिलंय काय?”

चहाचा ट्रे घेऊन सिस्टर दारात उभ्या होत्या. कप अर्धेच भरलेले होते, सांडू नये म्हणून.

“मी पडले नाही रे,” त्या म्हणाल्या.

“तेच म्हणतोय, आई. पडायच्या आधी चल.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात अनेक साहेबांच्या चुकीच्या म्हणण्याला मला योग्य उत्तर सुचलं आहे, बहुतेक वेळा संध्याकाळी घरी आल्यावर. ह्याला अजून सुचलेलं नाही. पुरावा मीच एकेक करून पुढं ठेवला होता.

पाडव्याला चार दिवस असताना गाडी आली. दोन बॅगा डिकीत मावल्या. टेम्पो लागला नाही ह्याचं मुलाला बरं वाटलं, आणि ते चूक नव्हतं. सिस्टर पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला, तो बसला का हे दोनदा ओढून पाहिलं. मला म्हणाल्या, “तब्येतीला जपा, भाऊसाहेब.” मी मान हलवली. गाडी गेल्यावर धूळ बराच वेळ खाली बसत होती. बायपासचं काम सुरू आहे, धूळ असतेच.

महिना-दीड महिन्यानं मी फोन केला. त्या सातव्या मजल्यावर राहतात. सगळं छान आहे, म्हणाल्या. सून चांगली आहे, लिफ्ट बंद पडत नाही.

“सफाई काय म्हणते?” मी विचारलं.

“इथं धूळच नाही हो. खिडक्या बंद असतात.”

“मग दिवसभर काय करता?”



“सफाईला एक बाई येते,” त्या म्हणाल्या. “पंखा पुसायला खुर्चीवर चढते. मी खाली उभी राहून खुर्ची धरते. ती म्हणते, आजी, बसा ना तुम्ही, मी चार घरचे पंखे पुसते. पण मी धरतेच. दोन्ही हातांनी.”

“हे चांगलं काम आहे, सिस्टर.”

“हो, चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण पंखा महिन्यातून एकदाच असतो.”