टोपीची फेरी

११ नोव्हेंबरच्या सकाळी, माजी सैनिकांच्या दिवशी, ऑर्विल टकेटने बकहॉर्न गावाच्या चौकात माइकवरून एकतीस डॉलर चाळीस सेंट हा आकडा सांगितला.

दरवर्षी तोच बोलायचा, दोनच मिनिटं. गेलेल्यांची आठवण, बँडच्या पोरांचे आभार, आणि सैनिकांच्या हॉलवर बीन्सचं जेवण तयार आहे, सगळ्यांनी या. यंदा त्याने आधी चष्मा पुसला.

"राष्ट्राध्यक्ष सांगतात की देशाची कमाई इतकी चांगली कधी नव्हती आणि सैनिकांसाठी त्यांच्याइतकं कुणी केलं नाही. माझ्या शेजारी हेझल स्टिडम राहते. तिचा नवरा युद्धातून आजार घेऊन आला आणि त्यातच गेला. तिच्या पेन्शनमध्ये यंदा महिन्याला एकतीस डॉलर चाळीस सेंट वाढले. घरभाडं नव्वदने वाढलं. आपला सैनिकांचा दवाखाना मार्चमध्ये बंद केला. आता कान दाखवायला पावणेदोन तास गाडी हाकायची. मी त्यांनाच मत दिलंय. म्हणून विचारतो, केलं काय त्यांनी?"

टाळ्या पडल्या नाहीत. बँडमास्तरांनी घाईने हात उचलला आणि पोरांनी मिळेल त्या सुरात सुरुवात केली.

माजी सैनिकांच्या हॉलचा हिशेब मी बरीच वर्षं बघतो आहे. मी फौजेत नव्हतो, त्यामुळे तिथे मला बसायला जागा आहे, बोलायला नाही. ऑर्विल एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला. तोफा ओढणाऱ्या ट्रकांची इंजिनं त्याने दुरुस्त केली आणि अर्धं ऐकणं तिथेच ठेवून परत आला. मग निवृत्त होईपर्यंत पावाची गाडी चालवली. मूलबाळ नाही. बायको, ओपल, गेल्यापासून दुपारचं जेवण हॉलवर, बारच्या टोकाच्या स्टुलावर. शेजारच्या स्टुलावर डेन्झिल रॅटलिफ. दोघे एका शाळेतले, फौजेत एका तुकडीतले, आणि कुठल्याही विषयावर एकमत न होणारे.

त्या बारवर एक पितळी घंटा आहे. नदीवरची एक जुनी बोट भंगारात निघाली तेव्हा ऑर्विलनेच ती काढून आणली. टोपीचा नियम त्या घंटेच्याही आधीचा. डोक्यावर टोपी ठेवून कुणी आत आला की सैनिकांपैकी कुणीतरी घंटा वाजवायची, आणि आलेल्याने आत असतील तितक्यांना एकेक ग्लास पाजायचा, म्हणजे एक फेरी. यातून शेरीफ सुटला नाही, पाद्री सुटला नाही. मी पहिल्यांदा आलो तेव्हा ऑर्विलने घंटा अशी बडवली की माझ्या हातातली बॅग पडली.

"बाहेर थंडीने मरत होतो म्हणून घातली हो," मी म्हणालो.

"मर की. आधी पाज, मग मर."

"अरे, हिशेबनीस आहे तो," डेन्झिल म्हणाला. "रडेल."

"रडू दे. पावती मागितली तर मात्र दोन फेऱ्या."

इतक्या वर्षांत ऑर्विलला मात्र टोपीवर कुणी पकडलं नव्हतं. दाराबाहेरच टोपी काढून काखेत धरायची त्याची सवय.

भाषणाच्या दुपारी तो हॉलवर आला तेव्हा डेन्झिल वाटच बघत होता.

"बँडची पोरं समोर होती, ऑर्विल. हे बोलायची ती जागा होती का?"

"मग कुठे बोलू? तुझ्या कानात?"

"मागे भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो आहे, ते तरी बघ."

"फोटोला ऐकू येत नाही. माझ्यासारखंच आहे त्याचं."

कुणी हसलं नाही. "थोडा वेळ दे माणसाला," डेन्झिल म्हणाला. "तू तर त्या दुसऱ्या पार्टीवाल्यांसारखा बोलायला लागलास." मग त्याने आपली बशी उचलली आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसला. ते स्टूल तेव्हापासून रिकामं राहिलं.

भांडण नाही, शिवी नाही. लोक फक्त बोलेनासे झाले. बार सांभाळणारी मर्ना त्याच्यापुढे कॉफी ठेवायची, पण आज हवा कशी आहे हेही सांगायची नाही. उजव्या कानाचं मशीन त्याचं उन्हाळ्यातच बंद पडलं होतं. दवाखाना बंद, म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडून होतं. पहिले काही दिवस त्याला वाटलं, डाव्या कानाचंही गेलं. मी शेजारून जात होतो तेव्हा त्याने माझी बाही धरली.

"हिशेबनीस, काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"मशीन ठीक आहे," तो म्हणाला आणि बाही सोडली.

तरी तो येत राहिला. कॉफी, बीन्स, समोरच्या बाटल्यांकडे बघत तासभर बसणं. मी एकदा त्याच्या बाजूच्या स्टुलावर बसलो, तर म्हणाला, "ती जागा डेन्झिलची आहे." मी उठलो.

जानेवारीतल्या एका गुरुवारी हॉल भरलेला होता. बाहेर बर्फाचा चिखल. दार उघडलं आणि ऑर्विल आत आला. डोक्यावर टोपी होती. तपकिरी, कानपट्ट्यांची, थेट भुवयांपर्यंत ओढलेली. दार लावायलाही त्याने जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग सावकाश बारपर्यंत चालत गेला आणि आपल्या स्टुलावर बसला. पाठ सगळ्यांकडे, टोपी डोक्यावर.

घंटेची दोरी डेन्झिलच्या टेबलापासून दोन हातांवर होती. सगळ्यांनी टोपी पाहिली होती. डेन्झिलने मान वर केली. त्याचा हात टेबलावरून उठला, तेही मी पाहिलं. मग त्या हाताने वाटीतला एक शेंगदाणा घेतला.

मी हिशेबाच्या जागी बसलो होतो. ऑर्विल माझ्याकडे वळला आणि बहिऱ्या माणसाला वाटतं तितक्या हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "वाजली का रे?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. कॉफी संपवली, पैसे ठेवले, उठला. दारातून बाहेर पडेपर्यंत टोपी डोक्यावरच होती.

त्यानंतर तो आला नाही. फेब्रुवारीत मी त्याच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात एकच खुर्ची टेबलाला लागलेली होती, दुसरीवर वर्तमानपत्रं. त्याने ती खाली ठेवून मला बसवलं.

"डेन्झिल बरा आहे का?"

"बरा आहे. गुडघा दुखतो म्हणतो."

"कॉलेजात असल्यापासून दुखतोय म्हणतो. आणि कॉलेजात तर तो गेलाच नाही." स्वतःशी हसला. मग म्हणाला, "एक सांग. घंटा वाजली नाही, म्हणजे मी काही देणं लागत नाही, असंच ना?"

मी विचार केला. नियम मला पाठ आहे. बारच्या मागेच तो पाटीवर रंगवलेला आहे. "पाटीवर घंटेचं काही नाही," मी म्हणालो. "टोपी घालून आत आलास की फेरी. घंटा नुसती कळवायला."

"म्हणजे माझ्याकडे बाकी आहे?"

"आहे."

तो खुर्चीत नीट बसला. "किती जण होते त्या दिवशी?"

"मर्ना धरून चौदा."

"डेन्झिल धरून?"

"हो, धरून."

"बरं," तो म्हणाला आणि माझ्यासाठी कॉफी ठेवायला उठला.

हॉलच्या हिशेबात ऑर्विल टकेटकडे चौदा जणांची एक फेरी बाकी आहे.