ताकानं भिजलेला हौदा

आमच्या न्हावरे गावच्या तालमीतली माती गेल्या उन्हाळ्यात बदलली. हौद्यातल्या जुन्या मातीची भुकटी झाली होती, कुस्ती धरली की ठसका लागायचा. आमच्याकडची जमीन काळी, त्यामुळं लाल माती बाहेरून ट्रकनं आणावी लागली. ती चाळून त्यात तेल, हळद, लिंबाचा रस आणि ताक मिसळतात. कंपनीच्या स्टोअरमध्ये माझं निम्मं आयुष्य मोजमापात गेलं, म्हणून प्रमाण ठरवायचं काम माझ्याकडं आलं.

मी ते घेतलं माझ्या मुलीसाठी. ती अकरावीत आहे, कुस्ती खेळते. पण मुलींना हौद्यात मनाई. ती आमच्या कांद्याच्या रिकाम्या चाळीत, पाचट भरलेल्या पोत्यांवर सराव करायची. पोत्यांवर डाव पाठ होतात, पण अंगात भिनत नाहीत. तिला माती हवी होती. नव्या मातीबरोबर तिलाही आत न्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं.

पाच कळश्या ताक पुरे, असं मी सांगितलं. पण माती बदलताना प्रत्येक घरानं ताक आणायची रीत आहे, आणि आणलेलं ताक परत पाठवलं तर त्या घराचा अपमान होतो. अख्खी आळी कळश्या घेऊन आली. सहावी कळशी दिसताच मी आडवा आलो.

"बास, मामा. चिखल व्हईल."

"समद्यांचं चाललं, आन् आमचंच ताक आंबाट व्हय?" शेजारच्या मामांनी कळशी उपडी केली.

मग कुणालाच थांबवता येईना. संध्याकाळपर्यंत हौदा म्हशी बसवण्याजोगा झाला आणि पुढं उन्हानं कोब्यासारखा टणक वाळला. आता रोज पहाटे खणायचं, ढेकळं फोडायची आणि पायानं तुडवायचं, एवढाच उपाय होता. तालमीतली पोरं सुरुवातीला आली. नंतर कुणाची पहिली शिफ्ट, कुणाचा ओव्हरटाइम. शेवटी आम्ही दोघं बापलेक उरलो. येणारेजाणारे दारातून बघायचे. मुलगी हौद्यात उतरून माती तुडवतेय, याला तेव्हा कुणी हरकत घेतली नाही.

माती मऊ झाल्यावर आमचे वस्ताद आप्पा मामांना घेऊन आले. त्यांनी मूठभर माती दाबून सोडली, ती अलगद सुटली.

"झ्याक झाली. उद्या पूजा करू. पोरीला आता आत आणू नका."

"का, आप्पा?"

"हौदा मारुतीचा हाय. बायांनी उतरायचं न्हाई."

"मग इतके दिवस ती कुठं हुती?"

"ते काम हुतं."

"मारुतीला ते कळलं आसंल ना?"

मामा हसले. "ऐका आप्पा. ह्यो आता देवाचाबी हिशेब मांडणार."

"मांडतो की," मी म्हणालो. "ती उतरल्यानं हौदा बाटत असंल, तर कवाच बाटलाय. ही माती समदी बाहेर काढा, दुसरा ट्रक बोलवा. अन् या खेपेला ताक बेतानं आणा."

आप्पांनी मामांकडं बघितलं. मामांनी हौद्यातल्या त्या लालभडक मातीकडं बघितलं. खोऱ्याला कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. पोरांनी माती कपाळाला लावली, मग माझ्या मुलीनं लावली आणि ती आत उतरली. आप्पा तिथून निघून गेले. दोन घरांनी आपली पोरं काढून घेतली, ती आता शिरूरला मॅटवर जातात. चहाच्या टपरीवर लोक मला ऐकू येईल अशा बेतानं बोलतात, यानं तालीम बुडवली. मी चहा संपवूनच उठतो.

माती खणायला लागल्यापासून तालमीची किल्ली माझ्याकडं आहे. कमिटीनं दोनदा मागितली. मी दिली नाही, देणारही नाही. उजाडायच्या आत मी कुलूप काढतो. मुलगी आत जाते. हल्ली तिच्या मागोमाग राहू गावच्या दोन मुली येतात, त्यांनाही मी काही विचारत नाही.